‘बडोद्यास. निपुत्रिक.’

आमच्या घरच्या वंशावळीत एक फांदी मध्येच थांबते. नावाखाली दोनच शब्द: ‘बडोद्यास. निपुत्रिक.’ वडील गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तेव्हा तळाशी एका इनाम सनदेची नक्कल निघाली. जमीन बडोद्याजवळच्या डभई महालातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावची. वाईजवळच्या आमच्या घरात डभईचा कागद कशाला, हे विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून या हिवाळ्यात पुण्याहून रात्रीची गाडी धरली आणि पहाटे बडोद्याला उतरले.

दांडिया बाजारात आत्या राहते. लग्न होऊन आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिच्या मराठीत गुजराती इतकी मुरली आहे की वंशावळीला ती ‘पेढीनामा’ म्हणते. जमिनीच्या कागदांतही इकडे तोच शब्द आहे, हे मला पुढे कळलं. चहा पिता पिता तिनं ती नक्कल हातात घेतली, खालीवर पाहिली आणि म्हणाली, “नानांना दाखवू या. त्यांना मोडी येतं.” नाना म्हणजे शेजारचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याशिवाय या प्रवासातलं काहीच झालं नसतं.

आपली माणसं इकडे आली कशी, ते थोडक्यात सांगते. गायकवाड हे मूळचे सेनापती दाभाड्यांचे सरदार. एप्रिल १७३१ मध्ये डभईजवळच्या लढाईत थोरल्या बाजीरावांसमोर त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि हळूहळू गुजरातेतला कारभार गायकवाडांच्या हाती गेला. १७३४ पासून बडोदा त्यांच्याकडे राहिलं. त्यांच्यामागून घाटावरचे, कोकणातले शिलेदार, कारकून, सराफ, वैदिक असे सगळे आले. रोख पगार थोडा, जमिनी पुष्कळ. कुणाला चाकरीबद्दल, कुणाला देवस्थानासाठी, कुणाला धर्मादाय. अशा माफीच्या जमिनींना इकडे ‘बारखली’ म्हणतात, म्हणजे जिचा वाटा सरकारी खळ्यावर येत नाही ती.

संस्थानचं जुनं दप्तर कोठीवर, म्हणजे जुन्या सरकारी कचेरीच्या इमारतीत आहे. दांडिया बाजारातून रावपुऱ्यातून चालत गेलं की आलंच. शोधायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तिथे आडनाव सांगून काही निघत नाही. कागद महालाप्रमाणे, गावाप्रमाणे लावलेले असतात. गाव माहीत नसेल तर आधी घरची ट्रंक उपसा, देवघरातली बाडं उघडा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझ्याकडे गाव होतं, म्हणून काम झालं.

कागदांच्या गठ्ठ्याला बांधलेला रुमाल सोडला तेव्हा टेबलावर बारीक वाळू सांडली. शाई वाळावी म्हणून लेखकानं टाकलेली ती वाळू इतकी वर्षं घडीत बसून होती. हातकागद जाड, कडा कुरतडलेल्या, पण शाई अजून काळीभोर. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. नाना बोट कागदाला न लावता हवेतून फिरवत वाचत होते आणि मी पेन्सिलीनं लिहून घेत होते.

आधी गोत्र, मग सूत्र, मग उपनाम, मग बापाचं नाव आणि वास्तव्याचं गाव. एका ओळीत माणूस उभा राहिला. पुढे ‘कुलबाब कुलकानू’ म्हणजे सगळ्या करांसकट, ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप’ सहित जमीन दिली, आणि ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ चालवावी. सगळ्यात शेवटी अंमलदाराला आज्ञा: या पत्राची प्रत लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवट्यास परत द्या. आमच्या ट्रंकेतली नक्कल कशी जन्मली असेल, ते त्या ओळीनं समजलं.

सनदेच्या सालात माझी चूक झाली होती, ती सांगायला हवी. ‘सलास समानीन मया व अलफ’ म्हणजे तीन, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८३. हे हिजरी धरून मी १७६९ काढलं होतं आणि घरी सगळ्यांना कळवूनही टाकलं होतं. मग वंशावळीशी मेळच बसेना, कारण त्या हिशेबानं सनद मिळाली तेव्हा आमचे पूर्वज लहान मूल ठरत होते. नाना म्हणाले, “अगं, हे शुहूर सन आहे. मृगाला बदलतं, म्हणून मृगसालही म्हणतात. यात ५९९ मिळव.” म्हणजे १७८२ चा जून ते १७८३ चा जून. बडोद्याच्या गादीवर तेव्हा फत्तेसिंगराव होते. साल तेरा वर्षांनी पुढे सरकलं आणि सगळं जागेवर आलं.

तिसऱ्या दिवशी त्याच गावच्या कागदांत एक अर्ज निघाला. संवत १९०८, पौष वद्य. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, म्हणजे हा १८५२ चा जानेवारी. अर्ज एका बाईचा. नवरा वारला आहे, पोटी संतान नाही, भाऊबंदातला मुलगा मांडीवर घेतला आहे, तरी इनाम त्याच्या नावे चालवावं. नवऱ्याचं नाव नानांनी वाचलं आणि मी वही उघडली. वंशावळीत ज्या नावाखाली ‘निपुत्रिक’ लिहिलं आहे, तेच.

फांदी तुटलीच नव्हती. घाटावरच्या भाऊबंदांनी ती कागदावर मिटवली आणि इथे एका विधवेनं ती सरकारदरबारी अर्ज करून चालू ठेवली. अर्जासोबत पेढीनामा आहे, पाच पिढ्यांचा. आमच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नाही. इथे तिचं आहे, सासूचं आहे, नणंदेचंही आहे, कारण जमिनीवर कुणाचा हक्क पोचतो हे ठरवताना घरातल्या बायका वगळून चालत नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही. त्या दत्तकाचा वंश आज हयात असू शकतो आणि त्यांना विचारल्याशिवाय ते सांगणं मला बरं वाटत नाही. पण त्या संध्याकाळी आत्याला सांगितलं, तेव्हा तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

चौथ्या दिवशी एसटीनं डभईला गेले. हिरा भागोळ या तिथल्या जुन्या वेशीच्या दरवाजाचं कोरीवकाम पाहण्यातच एक तास गेला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. तिथून रिक्षानं गावात. सनदेतली चतुःसीमा माझ्या वहीत होती: पूर्वेस वाट, पश्चिमेस तलाव, दक्षिणेस आणि उत्तरेस शेजाऱ्यांची शेतं. तलाव सापडला. काठाला बाभळी, पाण्यात म्हशी. बाकीचं ओळखणं अवघड, कारण सयाजीराव महाराजांच्या काळात मोजणी होऊन शेतांना नंबर पडले, आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर इनामं कायद्यानं गेली. जमीन कसणाऱ्यांची झाली, ते योग्यच झालं. मला ती मागायची नव्हतीच.

कपाशीच्या कडेला बसलेल्या काकांना मी आत्याकडून शिकलेल्या गुजरातीत विचारलं, तलावाच्या उगवतीला कुणाचं शेत? त्यांनी हात लांब करून दाखवलं आणि म्हणाले, “ए तो बारखलीवाळुं.” तो शब्द मी तीन दिवस कागदावर वाचत होते. काकांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. वडील म्हणायचे, म्हणून तेही म्हणतात. त्या बांधावर मी बराच वेळ उभी राहिले. काळी जमीन, भेगाळलेली, पायाला ऊन लागत होती.

घरी आल्यावर वंशावळीत ‘निपुत्रिक’ शब्दाच्या बाजूला पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं आणि त्याखाली दत्तक मुलाचं. तिचं माहेर कोणतं, ते अर्जात नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवहीत, कधीतरी त्या घरचं कुणी सही करून गेलं असेल, म्हणून पुढच्या महिन्यात तिकडे जाते आहे. आत्याही येते म्हणाली.