तिकीटखिडकीचा वाद

इंग्लंडमधील रेल्वे स्थानकांवरच्या बहुतेक तिकीटखिडक्या बंद करण्याचा प्रस्ताव जुलै २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा लोकांनी सुमारे साडेसात लाख प्रतिक्रिया नोंदवल्या आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने कंपन्यांना तो मागे घ्यायला लावला. ब्रिटिश माणूस तंत्रज्ञानाला घाबरतो, असा अर्थ यातून काढणे मला पटत नाही. खिडकीवर जेमतेम बारा टक्के तिकिटे विकली जातात, असे रेल्वे कंपन्याच सांगत होत्या. मात्र अंध प्रवाशाला तिकीटयंत्राच्या सपाट टचस्क्रीनवर बटण चाचपता येत नाही, आणि ‘ऑफ-पीक’ व ‘सुपर ऑफ-पीक’ या कमी गर्दीच्या वेळांच्या स्वस्त तिकिटांतला फरक (तो डोळसांनाही कळत नाही, हे वेगळे) समजावून स्वस्तातले तिकीट काढून देणारा माणूस काचेपलीकडे लागतोच. आधी दरांचा हा गुंता सोडवायला हवा होता. खिडक्यांचे नंतर पाहता आले असते.