चिअरच्या जिममध्ये मला कंठ फुटला

बाबांची बदली डॅलसला झाली आणि ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेत, डॅलसजवळच्या प्लेनो शहरात राहायला आलो. पुण्यात मी सात वर्षं दोरीचा मल्लखांब केला होता. इथे जवळपास तो शिकवणारं कुणी सापडेना, म्हणून आईने चिअरलीडिंगची जिम शोधली. चिअरलीडिंग म्हणजे मॅचमध्ये सीमारेषेबाहेर नाचणं, एवढंच मला आयपीएलमुळे ठाऊक होतं. इथे स्प्रिंगा बसवलेल्या ५४ बाय ४२ फुटांच्या फ्लोअरवर कोलांट्या, उड्या, नाच आणि एकमेकींना डोक्यावर उचलून धरणं, हे सगळं अडीच मिनिटांत बसवतात. पहिल्या दिवशी बघताना मला दहीहंडीच आठवली.

टीम मे महिन्यातच ठरल्या होत्या. एक मुलगी दुसऱ्या गावी गेल्यामुळे लेव्हल टूच्या टीममध्ये मला मधूनच जागा मिळाली. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणी लहानपणापासून एकत्र होत्या. पाणी प्यायची सुट्टी झाली की त्या भिंतीशी घोळका करून बसायच्या आणि मी बाटली घेऊन दाराजवळ उभी राहायची. कुणी वाईट वागत नव्हतं. माझ्यासाठी सरकावं हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, आणि ‘जरा सरकता का’ एवढंही माझ्या तोंडून निघत नव्हतं. माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. कोचने उच्चार विचारला तेव्हा मी म्हटलं, कसाही चालेल. ते मी करायला नको होतं. मग महिनाभर मला कुणी नावाने हाकच मारली नाही.

उंचीमुळे मला बॅकस्पॉट केलं. दोन बेस फ्लायरचे पाय हातांवर घेतात, फ्लायर वर उभी राहते आणि बॅकस्पॉट मागून तिचे घोटे धरते. ती खाली येताना तिचं डोकं आणि खांदे सांभाळायचे तेही बॅकस्पॉटनेच. शिवाय ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ असं मोठ्याने मोजून सगळ्यांना एका तालात ठेवायचं. घोटे धरणं मला जमलं, मल्लखांबाने हातांत पकड दिली होती. मोजणं जमेना. दोरीवर मी एकटी असायचे. पायाच्या अंगठ्यात दोरी घट्ट धरली की कुणाशी बोलायची गरज नसायची, उलट गप्प राहून श्वास सांभाळायचा. इथे मी ओठांतल्या ओठांत मोजायचे आणि दोन्ही बेस आपापल्या अंदाजाने उचलायच्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एक्स्टेन्शन करताना, म्हणजे बेसचे हात पूर्ण वर ताणलेले असताना, डावीकडची बाजू खचली. मला ते सगळ्यांत आधी दिसलं. ‘डाउन’ म्हणायला हवं होतं, पण आवाजच फुटला नाही. फ्लायर तिरकी कोसळली. मी तिचे खांदे पकडले, पण तिचं कोपर माझ्या गालावर बसलं. तिला लागलं नाही. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, “तुला दिसलं होतं. तू बोलली का नाहीस?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बुजरेपणा हा आपला खासगी मामला आहे असं मी समजत होते, आणि त्यापायी दुसरीची मान मोडली असती. चार दिवसांनी घरी गणपती बसला. आरतीनंतर आई म्हणाली, “आत्ता लावलास तो आवाज तिथे लाव.” मग मी रोज गाडीत मोजायला लागले. आई गाडी चालवत तिसऱ्या सिग्नलपर्यंत माझ्याबरोबर मोजायची.

पुढच्या सरावात मी ओरडले. पहिल्यांदा सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि स्टंट पहिल्याच फटक्यात उभा राहिला.

त्या दिवशी सुट्टीत मी फ्लायरजवळ जाऊन बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून मनात होतं तेच विचारलं: एक पाय सरळ आणि एक दुमडून मारायच्या उडीला ‘हर्की’ का म्हणतात? ती खुलली. लॉरेन्स हर्किमर इथल्याच, डॅलसच्या एसएमयूचा, म्हणजे सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा चिअरलीडर. उडी मारायला गेला एक आणि झाली ही. त्यानेच १९४८ मध्ये एनसीए, म्हणजे नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन, ही संस्था काढली, आणि तिची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या डॅलसमध्ये होते, तिथेच आपल्याला जायचंय. हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. मग तिने विचारलं, “तुझं नाव खरं कसं म्हणतात?” मी ‘ज्ञ’ तीनदा म्हणून दाखवला. तिला जमायला दोन आठवडे लागले, तोवर ती बाकीच्या मुलींना दुरुस्त करत होती.

नव्या जिममध्ये गेलेल्या मुलींना मी हेच सांगते: ‘मला घ्याल का’ म्हणण्यापेक्षा ‘हे कसं करतेस’ विचारणं सोपं जातं आणि त्याला उत्तर नक्की मिळतं. आपल्या नावाचा उच्चार पहिल्याच दिवशी शिकवा.

सगळ्यांशी काही मैत्री झाली नाही. डावीकडच्या बेसशी माझं अजूनही सरावापुरतंच बोलणं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण त्या घोळक्यात आता माझी बाटली ठेवलेली असते. स्पर्धेच्या सकाळी फ्लायर माझ्यासमोर पाठ करून बसली आणि केस पुढ्यात टाकून म्हणाली, “वेणी घाल, आणि घालता घालता मोज.”