आमची वाटचाल : दाराच्या फळीवर सुरू झालेला चित्रांचा स्टुडिओ

आमच्या स्टुडिओचं पहिलं टेबल म्हणजे एका जुन्या दाराची फळी. खाली दोन बुटकी कपाटं, वर ती फळी, त्यावर एक संगणक आणि एक बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने ज्यावर काढलं की रेघ संगणकाच्या स्क्रीनवर उमटते अशी पाटी. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच होतो. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, एवढंच ठरलेलं. एकीने सकाळी काढायचं, दुसरीने दुपारनंतर, कारण टॅबलेट एकच.

सुरुवातीचे कित्येक आठवडे माझा गोल गोल यायचाच नाही. कागदावर सहज निघणारा चेहरा स्क्रीनवर आडवा पसरायचा. हाताला सवय नाही म्हणून असं होतंय, असं समजून मी रोज पानंच्या पानं गोल काढत बसले. खरं कारण वेगळंच होतं. टॅबलेटचा पृष्ठभाग १६:१० प्रमाणाचा, मॉनिटर १६:९ चा, आणि ड्रायव्हरने, म्हणजे टॅबलेट संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने, एक दुसऱ्यावर ताणून बसवलेला. त्यामुळे प्रत्येक आकार उभ्या दिशेने दहा टक्के दबत होता. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला, टॅबलेटची खालची एक पट्टी वाया गेली आणि गोल जागेवर आला. आज कुणीही नवीन आलं की पहिल्या दिवशी आम्ही हेच तपासतो.

पेनाच्या दाबाचंही तसंच. खोक्यावर ८१९२ पातळ्या लिहिलेल्या असतात, पण २०४८ पातळ्यांच्या जुन्या पेनाने काढलेली रेघ आणि ही रेघ मला तरी वेगळी दिसलेली नाही. फरक पडतो तो दाबाचा वक्र, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ यायची ते ठरवणारी सेटिंग, आपल्या हाताप्रमाणे बसवल्याने. माझा हात जड आहे. जाड रेघेसाठी पूर्ण जोर लावावा लागतो असा वक्र असला की तासाभरात बोटं आखडतात. मैत्रिणीचा हात हलका, तिचा वक्र अगदीच निराळा. रेघ स्थिर करणारी सोय आम्ही फक्त शाई करताना, म्हणजे रेखाटनावर पक्की रेघ ओढताना, वापरतो. कच्च्या रेखाटनात ती चालू ठेवली तर रेघ हातामागून येते आणि चित्रातला जीव जातो, असं माझं ठाम मत आहे.

आमचा सगळ्यात मोठा धडा मात्र छपाईने दिला. एका पुस्तकाची रात्रीची दृश्यं छापून आली ती जवळपास काळीच. निळ्या सावल्यांत बसवलेली झाडं, घुबड, सगळं बुडालेलं. आम्ही आधी छापखान्याला बोल लावला. दोष आमच्याच खोलीत होता. पडदे ओढून, दिवे मालवून, मॉनिटरचा उजेड पूर्ण वाढवून आम्ही ती चित्रं रंगवली होती. अंधारात झगमगणाऱ्या काचेवर जे उठून दिसतं ते कागदावर तसं दिसणार कसं? कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

त्यानंतर उजेड हा आमच्याकडे गंभीर विषय झाला. छापील नमुने पाहण्यासाठी छपाईच्या व्यवसायात ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात; केल्विन हे प्रकाशाच्या रंग-तापमानाचं, म्हणजे तो किती पिवळट किंवा निळसर आहे याचं माप. साधारण तेवढ्या तापमानाचा, ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) साधा एलईडी दिवा प्रत्येक टेबलावर आला. त्या दिव्याखाली कोरा कागद धरायचा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत मॉनिटर मंद करायचा. याला खर्च काहीच नाही. मॉनिटरमागची भिंत आमची भडक पिवळी होती. तिथे राखाडी पुठ्ठा लावला, कारण शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवला. चित्र राखाडीत बघायची सवयही तेव्हाच लागली : सगळ्यात वर राखाडीने भरलेला लेअर (चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदासारखा थर), त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘कलर’. रंग निघून जातात आणि घुबड झाडापासून वेगळं दिसतंय की नाही ते लगेच कळतं.

लेअरची शिस्त एका फ्रॉकमुळे आली. सगळी पानं तयार झाल्यावर प्रकाशकांनी नायिकेच्या फ्रॉकचा रंग बदलायला सांगितला. आम्ही सगळं एकाच लेअरवर रंगवलं होतं, त्यामुळे प्रत्येक पान हाताने परत रंगवावं लागलं. तेव्हापासून सपाट रंग वेगळे, त्यावर क्लिपिंग केलेल्या (खालच्या रंगाच्या हद्दीबाहेर न जाणाऱ्या) मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणाऱ्या) लेअरवर सावल्या, सगळ्यात वर रेघ. आणि प्रत्येक लेअरला नाव. ए४ पानाची फाइल ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होते, पण चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान कापताना जाणारी जादा कड, धरला की ती २५५१ बाय ३५७९ लागते. पहिल्याच दिवशी हा कॅनव्हास घ्यायचा. मागाहून कडा वाढवणं फार कष्टाचं. हे सगळं आम्ही क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर करतो. ते मोफत आहे, आणि छापल्यावर रंग कसे उतरतील याचा अंदाज त्यातच बघता येतो.

पैसे हातात आले तेव्हा पहिली मोठी खरेदी खुर्चीची केली. मैत्रिणीचा खांदा इतका धरला होता की तिला महिनाभर काम थांबवावं लागलं. तो महिना मी विसरलेले नाही. फळी आमच्यासाठी उंच होती, खांदे सतत वर उचललेले राहायचे. आता कोपर काटकोनात, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून काढायची. म्हणूनच आमच्याकडे बहुतेक जण अजून बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर काम करतात : नजर समोर राहते, मान वाकत नाही. स्क्रीनचा एकच टॅबलेट आहे, वापरलेला घेतलेला, तिरक्या स्टँडवर. वापरलेला घेताना स्वतःचा संगणक घेऊन जावं, ड्रायव्हर आजच्या सिस्टिमवर चालतो का ते बघावं, चारही कोपऱ्यांत हळू दाबून रेघ ओढावी.

आज आम्ही सहा जण आहोत. पुढच्या महिन्यात सातवी येतेय. तिचा दिवा लागला आहे, मागे पुठ्ठाही लावला आहे. खुर्चीची उंची ती आल्यावर तिच्या मापाने बसवू.