नाही गं, नुसत्या बोलण्याने नाही

आज अकरावीच्या वर्गात रूझवेल्ट शिकवत होतो. ४ मार्च १९३३ ला त्यांनी शपथ घेतली, तेव्हा अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार आणि बँकांच्या दारात पैसे काढणाऱ्यांच्या रांगा. नव्या अध्यक्षांनी ६ तारखेपासून देशभरातल्या बँकाच बंद ठेवल्या. ९ ला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एका दिवसात कायदा मंजूर केला. १२ च्या रात्री ते रेडिओवर आले, अगदी घरच्यासारखं समजावलं की बँक तुमचे पैसे तिजोरीत ठेवून बसत नाही, ते कर्जाऊ देते. १३ पासून बँका उघडू लागल्या, तर लोक पैसे भरायला रांगेत!

"म्हणजे सर, नुसत्या बोलण्याने?" एका मुलीने विचारलं.

नाही गं. ज्या बँका धड ठरल्या त्याच आधी उघडल्या. जूनमध्ये ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवींचा व्यवहार आणि शेअर-रोख्यांचा धंदा वेगळा केला. वॉल स्ट्रीटच्या बड्या घराण्यांनाही आपला कारभार दुभंगावा लागला. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंत ठेव परत मिळण्याची हमी, त्याच कायद्यातला. खुद्द रूझवेल्ट आधी त्याला राजी नव्हते, तरी सही केली. मला हे फार मोलाचं वाटतं.

तास संपल्यावर ती थांबली. आजोबांची ठेव एका पतसंस्थेत अडकलीय. आपल्याकडे बँकठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, पण पतसंस्थांना तो लागू नाही, हे सांगताना जीभ जड झाली.

उद्या आजोबांना पावत्या घेऊन बोलावलंय.