किराणा तेवढाच, वजन सात किलोंनी कमी

वजन कमी करायचं म्हणजे आधी खिशाला कात्री, असं बहुतेकांना वाटतं. ओट्स, ऑलिव्हचं तेल, ग्रीन टी, चिया, वरून प्रोटीनची पावडर. आमच्या गल्लीत अशी पावडर विकायला एक बाई यायच्या. त्यांच्या एका महिन्याच्या डब्याची किंमत आमच्या किराण्याच्या निम्म्याहून जास्त होती. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरा उद्यमनगरात लेथवर आहे. घरात सासूबाई आहेत, मुलगा कॉलेजला जातो. चार माणसांच्या या घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक आणि वेगळं सामान परवडण्यातलं नव्हतं. जे करायचं ते महिन्याच्या यादीतच करायचं होतं. ते झालं, आणि खर्च वाढला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून झाली. उपाशीपोटी साखर ११२ आली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. आपल्याकडच्या लोकांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. माझा ३० च्या वर होता. थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं. डॉक्टरीणबाईंनी मोठं काही मागितलं नाही. म्हणाल्या, "वजनाच्या पाच ते सात टक्के उतरवा, तेवढ्यानंसुद्धा साखरेत फरक पडतो." ७४ चे सात टक्के म्हणजे पाच किलो. हा आकडा माझ्या आवाक्यातला वाटला. कुणी थेट वीस किलो सांगितले असते तर मी त्याच पायरीवर बसले असते.

घरी येऊन किराण्याची मागची बिलं काढली. सगळ्यात आधी नजर तेलावर गेली. महिन्याला पाच लिटरचा डबा. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं की माणशी रोज ३८ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला २० ते ३० ग्रॅम पुष्कळ. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, पिठातल्या पिष्टात किंवा डाळीतल्या प्रथिनांत ग्रॅमला ४. आणि यात बाहेरचा कट वडा, फरसाण धरलेलंच नाही. मशीनवर बसून काम करणाऱ्या माझ्यासारखीला हा हिशेब डोळे उघडणारा होता.

पण कोल्हापुरात तेल कमी करणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी ताटाकडे बघून विचारलं, "तर्री कुठं हाय गं? ह्यो रस्सा हाय का आजाऱ्याचं जेवाण?" त्यांचं खरं होतं. वर लाल तवंग नसला की रस्सा फिकट दिसतो आणि घास उतरत नाही. नुसतं तेल कमी करून चालणार नव्हतं, तवंग राखून कमी करायचं होतं. मग मी पद्धत बदलली. वाटण आता तव्यावर कोरडं भाजते: कांदा आख्खा गॅसवर खरपूस, लसूण, कोथिंबीर. सुकं खोबरं पूर्वीच्या पाव भागावर आणलं, कारण खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं. दाटपणासाठी मूठभर फुटाण्याची डाळ वाटणात घालते. रस्सा जवळजवळ बिनतेलाचा शिजतो. शेवटी छोट्या कढल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवायचं, गॅस बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं आणि मग कांदा-लसूण चटणी टाकायची. गॅस चालू असताना टाकली तर चटणी करपते आणि रंग काळा पडतो. ते लालभडक तेल रस्स्यावर ओतलं की पातेलंभर तवंग पसरतो. आत्तींनी बोट बुडवून चाखलं आणि काही न बोलता दुसरी वाटी घेतली. तिथून पुढं घरात तेलाचा विषय निघाला नाही.

महिन्याच्या सुरुवातीला साडेतीन लिटर तेल बाजूला काढते आणि तेच महिनाभर पुरवायचं, असा नियम आहे. मोजायला चमचा, पळी नाही. साडेतीन लिटरनं माणशी २६-२७ ग्रॅम होतं. रोजचं तळण गेलं, सणाचं राहिलं.

साखर पाच किलोची अडीचवर आली. चौघांत पाच किलो म्हणजे रोज माणशी चाळीस ग्रॅमच्या वर, आणि २५ ग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. चहाचे कप कमी केले आणि कपही लहान आणले. इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण आपल्या जिल्ह्यात ती फार चालते: "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो." आपल्या गुळाचा मलाही अभिमान आहे, गुऱ्हाळावरचा गरम गूळ भाकरीसोबत खाल्लेली मी मुलगी आहे. पण शंभर ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी आणि साखरेत ३९०-४००. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गूळ खा, पण साखरेइतकाच मोजून खा.

तेल-साखर कमी झाली आणि खारी, चहात बुडवायचे बटर, फरसाणाचे पुडे यादीतून गेले. त्यातून महिन्याला सहाशे-सातशे रुपये सुटले. हे पैसे मी घरखर्चात मिसळू दिले नाहीत. वेगळ्या डबीत ठेवले आणि त्यातून फक्त कडधान्य, अंडी आणि भाजी आणली. माझ्या मते सगळं इथंच फिरलं. नुसतं कमी खाल्लं असतं तर चार दिवसांत भुकेनं हैराण होऊन खारीच्या डब्यापाशी गेले असते. पोट भरतं ते प्रथिनांनी आणि चोथ्यानं. माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पन्नासेक ग्रॅम. चहा-खारी, भात आणि पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या पोटात तेवढी जात नाहीत.

आमच्या घरात आता हुलग्याला, म्हणजे कुळथाला, मान आहे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात हुलगे, मटकी सुटी मिळतात, पाकीटबंद कडधान्यापेक्षा स्वस्त. शंभर ग्रॅम हुलग्यात २० ते २२ ग्रॅम प्रथिनं, मटकीतही तितकीच किंवा थोडी जास्त. हुलगे आदल्या सकाळी भिजत घालायचे, रात्री पाणी काढून सुती फडक्यात घट्ट बांधायचे. माझ्याकडे कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही, धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा त्याला उत्तम. थंडीत मोड यायला दोन रात्री लागतात, उन्हाळ्यात एका रात्रीत येतात आणि मग लगेच वापरावे लागतात, नाहीतर वास येतो. शिजवलेल्या पाण्याचं ताक घालून कढण, राहिलेल्याची उसळ. असं एका शिजवण्यात दोन जेवणं निघतात. सोयाबीनच्या वड्याही स्वस्त आहेत, शंभर ग्रॅममध्ये पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं. गरम पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळल्या तरच त्यांचा उग्र वास जातो. अंडी मी दुकानातून सुटी घेत नाही, तीसचा ट्रेच आणते.

दूध आमच्याकडे म्हशीचंच. इथं दुसरं कुणी पीत नाही आणि मीही वाद घातला नाही. म्हशीच्या दुधात सहा टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. तापवून, गार करून, साय दोनदा काढते. सायीचं विरजण, त्याचं लोणी, आणि ताक घरचंच मिळतं. संध्याकाळी पाचला, जेव्हा भूक खरी छळते, तेव्हा मी नाचणीची आंबील पिते: पीठ पाण्यात शिजवून गार करायचं, ताक, मीठ, जिरं.

आंबील म्हटल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका देवीची आंबील यात्रा आठवणारच. त्या दिवशीचा नैवेद्य बघा: आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. भाजी, कच्चा घास, ताक, धान्य, सगळं त्यात आहे. माझ्या रोजच्या ताटाचा साचा मी तिथूनच घेतला. निम्मं ताट भाजी आणि काकडी-गाजर-पातीचं, पाव उसळीचं किंवा अंड्याचं, पाव भाकरीचं. खायचा क्रमही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बदलला, आधी भाजी आणि उसळ, मग एक भाकरी, शेवटी चवीपुरता भात. भात आधी खाल्ला की साखर झपाट्यानं चढते, भाजी-उसळीनंतर तीच हळू चढते.

भाजीचा खर्च हाताळायला मी संध्याकाळी उशिरा कपिलतीर्थच्या भाजी मंडईत जाते. दुकान आवरायच्या वेळेला भाजीच्या ढिगांचे, वाट्यांचे भाव खाली येतात. मेथी, शेपू, चाकवत, तांदळी अशी पालेभाजी सकाळपर्यंत टिकणार नसते. मात्र अशी भाजी घरी आणल्या आणल्या निवडून कागदात गुंडाळावी लागते. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात कांदा-बटाटा आणि आठवड्याचं टिकाऊ सामान. अवेळी फ्लॉवर, ढबू मिरची घ्यायची नाही. ज्या दिवसांत जे स्वस्त, ते ताटात जास्त.

माझ्या वहिनीकडे प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे. त्यांना जानेवारी २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. त्याचा आधार फार मोठा आहे, पण तांदूळ घरात फुकट आला की ताटात भाताचा डोंगर होतो. तिला मी एवढंच सुचवलं की धान्याचे वाचलेले पैसे डाळीला आणि अंड्याला लाव. तिनं लावले, आणि तिच्या मुलींचं दुपारचं बिस्किटं मागणं कमी झालं.

रविवारच्या मटणाला हात लावला नाही. लावला असता तर घरानं बाकीचंही फेकून दिलं असतं. किलोचं अर्धा किलो झालं, रस्सा तेवढाच राहिला. मटण आदल्या रात्री शिजवून ठेवते. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो अलगद काढते. तांबड्या रस्स्याला वरून चटणीची फोडणी. पांढरा रस्सा मात्र काजू, खसखस, नारळाच्या दुधाचा, तो सणालाच. म्हाईच्या, जावळाच्या जेवणाला गेलं की आग्रह होतोच. तिथं मी आधी भाकरी आणि रस्सा घेते, मटणाचे दोन-तीन तुकडे, आणि ताट रिकामं होऊ देत नाही. रिकाम्या ताटात वाढपी भात टाकणारच.

चालण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी रंकाळा तलावावर जाते, पाऊस असेल तर बाजारात चालत जाऊन चालत येते. शिवायला बसले की तासाला एकदा उठते.

पहिले चार किलो भराभर उतरले आणि मग काटा जागचा हलेना. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. अंग हलकं झालं की त्याला लागणारं अन्नही थोडं घटतं. त्या दिवसांत मला माझ्या धंद्यातल्या टेपनं तारलं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, माझी ९८ होती. वजन तेच दाखवत असताना टेप खाली येत होती, ९५, मग ९३. स्वतःच्या ब्लाउजच्या बाजूच्या शिवणी उसवून आत घेतल्या, एकदा नव्हे दोनदा. मग रात्रीची एक भाकरी अर्धी केली, भात दुपारपुरता ठेवला, आणि काटा पुन्हा सरकला.

आज वजन ६७ आहे. मागच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ९८, एचबीएवनसी ५.८. बीएमआय अजून २८ च्या जवळ आहे, म्हणजे काम बाकी आहे. नवऱ्याचा डबाही उसळ-भाकरीचा झाल्यामुळे त्याचंही पोट आत गेलंय. आत्तींना रक्तदाब आहे, म्हणून आता पापड-लोणच्याचं मीठ कमी करायचं चाललंय, आणि ते तेलापेक्षा अवघड जातंय.

घरात कुणाला आधीच मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर भात-भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं की साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. रक्त कमी असेल तर मेथी-उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. आणि बाकी काही जमलं नाही तरी या महिन्याचं किराण्याचं बिल काढा, तेलाला माणसांनी आणि तीस दिवसांनी भागा. आकडा ३० ग्रॅमच्या वर आला तर सुरुवात तिथूनच करा.