लाइट गेली की सोलर का थांबतं? तुम्ही विचारलंत म्हणून

गच्चीवर सोलर बसवून देण्याचं काम मी करतो. बसवून झालं की पहिल्याच उन्हाळ्यात घराघरांतून तोच फोन येतो: "अहो, डोक्यावर एवढं ऊन तापलंय, मग लाइट गेली की आमचेही पंखे का थांबतात?" फोनवर मी "सुरक्षेसाठी" एवढंच सांगतो. पण खरं उत्तर पन्नासेक वर्षं मागे जातं, आणि मला ते फार आवडतं.

1970 च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या विंडवर्क्स कंपनीने जेमिनी नावाचा इन्व्हर्टर काढला, मुळात पवनचक्क्यांसाठी. इन्व्हर्टर म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज (डीसी) घरातल्या विजेसारखी (एसी) करणारं यंत्र. त्यात थायरिस्टर, म्हणजे विजेवर चालणारे एक प्रकारचे स्विच होते. थायरिस्टर हवा तेव्हा सुरू करता येतो, पण बंद करता येत नाही. प्रवाह शून्यावर आला की तो आपोआप मिटतो. ग्रिडचा, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याचा, दाब दर अर्ध्या आवर्तनाला उलटतो आणि तोच थायरिस्टर मिटवतो. ग्रिड गेलं की त्या यंत्राला चालताच येत नसे. लाइटबरोबर थांबणं हा त्याचा स्वभावच होता.

1978 मध्ये तिकडे कायदा झाला आणि लहान उत्पादकांची वीज विकत घेणं वीज कंपन्यांना भाग पडलं. 1981 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कार्लाइल गावात स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने ग्रिडला जोडलेलं सौर घर उभं केलं. 13 मे 1982 ला स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळ 288 पॅनेलांचं 10 किलोवॉटचं केंद्र जोडलं गेलं, युरोपातलं पहिलं.

थायरिस्टरची वीज मात्र ओबडधोबड असे. मग हवे तेव्हा बंदही करता येणारे ट्रान्झिस्टर आले, सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करू लागले आणि इन्व्हर्टर स्वतःच विजेची गुळगुळीत लहर घडवू लागला. जर्मनीत 1990 पासून सरकारी योजनेतून दोन हजारांहून जास्त छपरांवर पॅनेल चढली. कासेलजवळच्या एसएमए कंपनीचा सनी बॉय 1995 मध्ये आला: पॅनेलांच्या एका रांगेला भिंतीवर एक डबा. आज मी लावतो तो याच घराण्यातला.

पण स्वतःची लहर घडवणारं यंत्र ग्रिडशिवायही चालू राहू शकतं. खरी भीती इथून सुरू झाली. वायरमन लाइन बंद करून खांबावर चढलाय आणि खाली एखादं घर वीज उलटी सोडतंय. गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उलट्या दिशेनेही तितकंच चोख काम करते: घराकडून 230 व्होल्ट गेले तर वर तारेत 11,000.

म्हणून यंत्राला थांबायला शिकवावं लागलं. यासाठी इंजिनियरांनी योजलेली एक युक्ती मला आजही थक्क करते. इन्व्हर्टर ग्रिडच्या वारंवारितेला, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं होतात त्याला, सतत हलकासा धक्का देत राहतो. ग्रिड जिवंत असेल तर ती हलत नाही. हलली, तर पलीकडे कोणी नाही, आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. अमेरिकेच्या 2003 च्या मानकाने त्यासाठी 2 सेकंद दिले.

पंखे चालूच हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. तो आधी घर लाइनपासून तोडतो, मगच घरापुरती वीज सुरू करतो. खर्च वाढतो, तो मी आधीच सांगतो. पण "ती सुरक्षा काढून टाका ना" असं कुणी म्हणालं, तर मी काम सोडून परत येतो.