लाल झिरो बल्बमधला दिवस

आज सकाळपासून मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार करून बसली होती, बाहेर नागपूरचं ऊन अन् आत फक्त एक लाल झिरो बल्ब, कारण आमच्या पेशींमध्ये मेलानॉप्सिन टाकलंय. आपल्या डोळ्याच्या पडद्यातल्या मोजक्या पेशींत असतं हे प्रोटीन, दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवायला मदत करतं, अन् ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने जागं होतं. दोन आठवडे घोळ होऊन राहिला होता, हिरवा कॅल्शियम सेन्सर, म्हणजे पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारा, तो बघायला ४८८ चा निळा लेझर लागतो, म्हणजे बघायला गेलं की आपणच त्याला उठवतो! शेवटी लाल सेन्सर घेतला, ५६१ चा लेझर.

अन् आज निळा फ्लॅश दिला तर एकेक पेशी उजळत गेली. मेलानॉप्सिनने जी-प्रोटीन नावाच्या पेशीतल्या निरोप्याला हलवलं, त्याने पुढच्या एन्झाइमला, अन् आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटलं, हे सगळं पुस्तकात कितीदा वाचलं होतं पण डोळ्यासमोर होताना पाहिलं तर अंगावर काटाच आला ना बाप्पा.

रात्री आईला व्हिडिओ दाखवला. तिने दोनदा पाहिला, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, म्हणे, "ही एकटी काऊन नाही पेटली?"

उद्या सकाळी आधी तिलाच बघते.